हजर किती?

जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत केशरबाई बावीस वर्षांपासून खिचडी शिजवते. वर्गखोल्यांच्या मागे पत्र्याचं शेड आहे. त्यात दोन शेगड्या, तीन मोठी पातेली आणि भिंतीत हातभर झरोका. झरोक्यातून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. त्यामुळे स्वतः चौथीपर्यंतच शिकलेल्या केशरबाईला सातवीपर्यंतची शाळा कानानं पाठ आहे. दुसरीचे पाढे सुरू झाले की डाळ धुवायची आणि तिसरीची कविता संपली की फोडणी टाकायची. घड्याळाची तिला कधी गरज पडली नाही.

वर्ग गप असला की शाळा चांगली चालली आहे, असा तिचा साधा हिशेब होता. जरा गलका झाला की ती कालथा हातात धरून जोडीदारीण भिवराबाईला विचारायची, "कोणते सर आले न्हाईत गं आज?"

म्हणूनच एका नोव्हेंबरात लेकीचा, मायाचा, जर्मनीहून फोन आला तेव्हा केशरबाईनं दुसऱ्याच दिवशी घरचा गूळ आणून खिचडीबरोबर पोरांच्या ताटात एकेक खडा ठेवला होता.

माया नर्स. अंबाजोगाईला शिकली, बीडला एका दवाखान्यात सात वर्षं रात्रपाळ्या केल्या, मग पुण्याला राहून वर्षभर जर्मन भाषा घोकली आणि कासेल नावाच्या गावी मोठ्या दवाखान्यात लागली. माया गेल्यावरचं पहिलं दीड वर्ष तिची मुलगी संस्कृती आजीजवळच होती. याच शाळेत होती, वर्गात पहिली. मग नवरा संजय आणि पोर दोघंही तिकडे गेले, आणि उमापूरच्या अलीकडच्या त्या गावात, बौद्धवस्तीतल्या दोन खोल्यांत केशरबाई एकटी उरली. तिचे मालक सर्जेराव त्याआधीच वारले होते.

त्या दिवशी फोनवर माया म्हणाली होती, "आई, आज संस्कृतीच्या बाईंनी शाळेत बोलावलं होतं. म्हणाल्या, पोरगी फार शांत आहे. अजिबात बोलत नाही."

"मग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणणार? थँक यू म्हणाले. संजय तर म्हणाला, आमच्या सासूबाईंची शिकवण आहे. बाई जरा बघतच राहिल्या आमच्याकडे. मी म्हटलं, त्यांना एवढी गुणी पोरं बघायची सवय नसेल."

केशरबाईला धन्य वाटलं. परमुलखात जाऊन नातीनं नाव काढलं. तिनं भिवराबाईला सांगितलं, भिवराबाईनं गावाला सांगितलं.

जानेवारीच्या शेवटी सहामाही गुणपत्रक आलं तेव्हा उलगडा झाला. लेखी सगळं उत्तम होतं, गणित तर वर्गात वरच्या चारांत. आणि जवळजवळ प्रत्येक विषयाच्या तोंडी कामात पोरगी नापासाच्या काठावर. माया धावत शाळेत गेली. बाईंनी शब्द निवडून, सावकाश सांगितलं की मी हेच तुम्हाला नोव्हेंबरात सांगितलं होतं, आणि तुम्ही माझे आभार मानले होते.

*

जुलैत तिकडे सहा आठवडे उन्हाळ्याची सुट्टी असते. माया लेकीला घेऊन आली. स्वतः दहा दिवसच राहिली. जायच्या आदल्या संध्याकाळी केशरबाई भाकरी थापत होती आणि माया शेजारी पाटावर बसून शेंगा फोडत होती. फोडलेले दाणे वाटीत जाण्याऐवजी तिच्याच तोंडात जात होते, म्हणजे तिला काहीतरी बोलायचं होतं.

"आई, तिथल्या शाळेत सगळं आहे. वाचनालय आहे, पोहायला नेतात, पावसाचं पाणी मोजतात. छडी नाही, ओरडणं नाही. पण बाई विचारतात, तुला काय वाटतं? आणि हिला काही वाटतच नाही."

"कावून वाटावं? पुस्तकात असतंय की लिहिल्यालं."

"तेच तर. पुस्तकात आहे ते सगळ्यांनाच दिसतं, तू तुझं सांग, म्हणतात. अर्धे गुण तोंडाला आहेत आई. इथं कसं होतं, सर विचारणार, सगळा वर्ग एका सुरात सांगणार, संपलं."

"त्यात काय वाईट हाय? तू त्यातूनच नर्स झालीस."

"झाले. आणि आता डॉक्टरांसमोर बोलायची वेळ आली की घशात अडकतं. तिथं नर्सनं बोलावं लागतं आई. ह्या पेशंटला हे औषध सोसत नाही, असं स्वतःहून सांगावं लागतं." मायानं आणखी एक शेंग फोडली. "चौथीच्या मध्यावरच तिथं बाई लिहून देतात, हे पोर पुढे कोणत्या शाळेत जायचं. एका शाळेतून कॉलेजला जाता येतं, दुसरीतली पोरं लवकर कामाला लागतात. नंतर बदलता येतं, पण लई जड जातं. संस्कृतीचं चौथीचं वर्ष आता ऑगस्टात सुरू होईल."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपल्याचा वास आला तशी केशरबाई भानावर आली.

"मग काय करायचं म्हणतीस?"

"तिला इथंच ठेवावं म्हणते. तुझ्याजवळ. इथं निदान पहिली तरी येते, हसते तरी. तिथं शाळेतून आली की दार लावून बसते. तू बघ दोन-तीन आठवडे, मग सांग. पाच ऑगस्टच्या आत सांग, म्हणजे संजयला न्यायला पाठवायचं की नाही ते ठरवता येईल."

केशरबाईनं करपलेली भाकरी बाजूला काढली. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. माया गेल्यावर तिनं बाजारातून पोरीसाठी नवं ताट आणि झाकणाचा पेला आणला. पाहुण्या पोरीसाठी कुणी नवं ताट आणत नाही.

*

चौथीचे शिवशंकर सर माणूस बरा. "बसू द्या की हो वर्गात, घरी बसून काय करायचंय," म्हणाले. संस्कृती बसली. चार दिवसांत तिचं अक्षर वर्गात फिरलं, आठवड्यात तिची वही सरांनी उंच धरून दाखवली. झरोक्यातून केशरबाईला सूर ऐकू यायचा, "सात साते?" आणि तीस पोरांचं एकदम "एकोणपन्नास!" त्या तीस आवाजांत आपल्या नातीचा कोणता, ते तिला ओळखू यायचं नाही. पण असेल त्यातच, असं ती समजायची.

"तुझी जर्मनची मड्डम रमली की गं," भिवराबाई म्हणायची. "ठेवून घे. मातारपणाला काठी व्हईल."

"काठीला काय, लिंबाची बी चालती," केशरबाई म्हणायची खरी, पण ऐकायला गोड वाटायचं.

शेडमध्ये एक रोजचं काम होतं. तांदूळ टाकण्याआधी साती वर्गांच्या दारात जाऊन विचारायचं, हजर किती? आकड्याप्रमाणे मापं टाकायची. कमी टाकलं तर शेवटचा वर्ग उपाशी, जास्त टाकलं तर अन्न वाया. हे काम बावीस वर्षं केशरबाईच करत आली होती. ती दारात जाऊन उभी राहायची आणि सर आपणहून बघेपर्यंत थांबायची. सर तिच्याकडे न बघताच बोटांनी आकडा दाखवायचे, की ती निघायची. त्या आठवड्यात तिचा गुडघा सुजला. तिनं सरांना विचारून नातीला मागून घेतलं.

"जा माय, साती वर्गांत इचारून ये. ध्यानात राहतंय ना?"

"राहतं आज्जी."

डाळ शिजली. फोडणी झाली. आधण उकळून उकळून आटायला लागलं. अर्ध्या तासानं पोरगी आली ती दोनच आकडे घेऊन.

"आन् बाकीचे?"

"सर शिकवत होते."

"मग?"

"मी दारात उभी होते. त्यांनी बघितलंच नाही."

"अगं मग हाक मारायची की! तांदूळ काय आता अंदाजानं टाकू?"

अंदाजानंच टाकावा लागला. त्या दिवशी जेवण उशिरा झालं आणि कमीही पडलं. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या तिसरीच्या पोरांना खरवडलेला भात मिळाला. सोमनाथ नावाचं एक पोरगं रिकाम्या पातेल्यात डोकावून म्हणालं, "मावशे, उद्या आमचा नंबर पहिला लाव मग." संस्कृती खाली मान घालून ताटं गोळा करत होती. तिनं स्वतःच्या ताटातला भात त्याच्या ताटात सरकवला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

संध्याकाळी दोघी उंबऱ्यात डाळ निवडत बसल्या. केशरबाईचा राग आता उतरला होता.

"तिकडच्या शाळेत बी अशीच उभी राहतीस व्हय?"

"बसते. तिकडे बोलायचं असलं की बोट वर करायचं असतं. हे असं." तिनं अंगठ्याजवळचं बोट वर केलं. "पहिल्या दिवशी बाईंनी काहीतरी विचारलं आणि सगळ्यांनी एकदम बोटं वर केली. मला वाटलं, सगळ्यांना एकदमच लघवीला लागली."

केशरबाई इतकी हसली की सूप हलून डाळ सांडली. पोरगीही हसली.

"मग? तू न्हाई केलंस कधी बोट वर?"

"नाही."

"येत नसतंय का उत्तर?"

"येतं ना. मनात येतं. आज्जी, तिकडे एकदा बाईंनीच फळ्यावर चुकीची बेरीज केली होती. मला दिसली. मग लीना म्हणून एक मुलगी आहे, तिनं बोट वर करून सांगितलं. बाई म्हणाल्या, अरे हो, शाब्बास. तिला शाब्बास! मला तिच्याआधी दिसली होती."

"मग कावून न्हाई सांगितलंस?"

संस्कृतीनं आजीकडे आश्चर्यानं बघितलं. असं कसं विचारतेस, असा तिचा चेहरा झाला.

"तूच सांगितलं होतंस की. सर बोलत असताना मधे तोंड उघडायचं नाही. मोठ्यांची चूक काढायची नाही. इचारलं तरच सांगायचं."

केशरबाईचा हात डाळीतच राहिला.

ते शब्द तिचेच होते. रोज सकाळी वेणी घालताना ती म्हणायची, शेवटचा पेड घट्ट ओढत. मायाच्या वेण्या घालतानाही हेच म्हणायची. आणि तिची आई तिच्या वेण्या घालताना हेच म्हणायची; त्या काळी वस्तीतली चार पोरं दाराशी बसायची, आणि वर्गात कुठूनही आवाज आला तरी छडी आधी दाराशी यायची. तेव्हा तोंड बंद ठेवणं म्हणजे पाठ वाचवणं होतं. आता दाराशी कुणी बसत नव्हतं. खिचडी सुरू झाली त्या वर्षी तिच्या हातचं नको म्हणून दोन घरांनी पोरांना डबे दिले होते. आज त्याच घरांतली नातवंडं "मावशे, अजून वाढ" म्हणून ताट पुढं करत होती. इतकं सगळं बदललं, पण वेणी घालतानाचे शब्द काही बदलले नव्हते. तेच विमानात बसून कासेलला गेले होते.

तिनं पुष्कळ वेळ डाळ निवडली. निवडलेलीच पुन्हा निवडली. मग म्हणाली, "उद्या बी तूच जायचंस. आन् दारात उभं न्हाई राहायचं. उंबरा वलांडायचा, बोट वर करायचं आन् मोठ्यानं इचारायचं, सर, हजर किती? मधेच."

"मधेच?"

"मधेच. तांदूळ थांबत न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी ती चार आकडे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी सहा. सातवीला इंग्रजी शिकवणारे सर वाघासारखे, तिथं ती परत फिरली.

"तूच ये ना आज्जी."

"माझा गुडघा दुखतोय."

गुडघा तोवर बरा झाला होता. भिवराबाईला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "अगं बाई, रोज जेवण उशिरा व्हतंय. एका पोरीसाठी साऱ्या शाळेला उपाशी मारतीस का? हेडमास्तर इचारतेन तवा मी न्हाई उत्तर द्यायची."

"मी देते."

"तू देतीस? बावीस वर्सांत एकदा तरी त्यांच्यासमोर तोंड उघडलंस का?"

केशरबाईनं भिवराबाईकडे पाठ केली. तिनं सातवीचं माप अंदाजानं टाकलं.

पाचव्या दिवशी सातही आकडे आले. झरोक्यातून आवाज ऐकू आला होता, बारीक पण सरळ, "सर, हजर किती?" आणि वाघाचं "बावीस." पोरगी पळत आली आणि शेडच्या दाराला धरून धापा टाकत म्हणाली, "बावीस! त्यांनी काहीच केलं नाही!"

पुढच्या आठवड्यात बाजाराचा दिवस आला. केशरबाई तांदूळ धूत होती. झरोक्यातून चौथीच्या वर्गातला आवाज आला.

"सर, हजर किती?"

"एकतीस," शिवशंकर सर म्हणाले.

आता पावलं पुढे जायला हवी होती. गेली नाहीत.

"सर, अठ्ठावीस आहेत."

चौथीचा वर्ग एकदम गप झाला. बावीस वर्षं जी शांतता ऐकून केशरबाईला बरं वाटायचं, तीच आज तिच्या छातीवर बसली. तिच्या हातातलं तांदळाचं पाणी तसंच राहिलं.

"हजेरीत एकतीस आहेत," सर म्हणाले.

"हो सर. पण आता अठ्ठावीसच आहेत. मी मोजले."

मग सर एकेक मोजत असल्याचं पुटपुटणं ऐकू आलं, आणि त्यानंतर काहीच नाही. भिवराबाईनं कपाळावर हात मारला. "गेलं. मास्तरची चूक काढली भर वर्गात."

जेवणाच्या सुट्टीत शिवशंकर सर शेडकडे येताना दिसले. केशरबाई उठून उभी राहिली, पदर सावरला. "पोर हाय सर, चुकली, पदरात घ्या," हे वाक्य जिभेवर तयारच होतं. ते तिला कधी जुळवावं लागलं नव्हतं.

"केशरबाई, तुमची नात—"

"हां सर," ती म्हणाली, आणि ते तयार वाक्य तिनं गिळलं. "तिनं बरोबर मोजलं का?"

सर जरा चपापले. "बरोबर मोजलं. प्रार्थनेला एकतीसच होती. तिघं नंतर आईबापांबरोबर बाजाराच्या जीपमध्ये बसून गेली, माझ्या लक्षातच आलं नाही." मग ते हसले. "बाकीची सत्तावीस पोरं तिथंच होती हो, एकाला सांगावंसं वाटलं नाही. आता रोज एकेकाला मोजायला लावतो."

"लावा सर. आन् सर," ती म्हणाली. आपला आवाज इतका मोठा येतोय याचं तिला नवल वाटलं. "शेडचा पत्रा शेगडीवर गळतोय. दोन वर्सं झाली. डबा लावून शिजवतो आमी."

"मग सांगितलं नाही कधी?"

"आज सांगितलं."

*

तीन ऑगस्टला रविवार होता. दुपारी मायाचा फोन आला. व्हिडिओत ती गणवेशातच होती, पाठीमागे पांढरी भिंत.

"बोल आई. काय ठरवलंस?"

केशरबाईसमोर नवं ताट भिंतीला टेकवलेलं होतं. नुसतं "राहू दे" म्हणायचा अवकाश होता. पोरगी इथं खूश होती, पहिली होती, आणि संध्याकाळी घरात दोन माणसांचा आवाज होता. कुणी तिला नाव ठेवलं नसतं.

तिनं संस्कृतीकडे पाहिलं. संस्कृती खाटेच्या कडेवर बसली होती. तिनं हळूच बोट वर केलं.

"माये, थांब जरा," केशरबाई म्हणाली. "वर्गातून हात वर हाय. बोल गं."

"मला जायचंय," संस्कृती म्हणाली. मग एकदम सगळंच बोलत सुटली. "इथं मला आवडतं. पण इथं पाचवीत पण सात साते एकोणपन्नासच असेल. तिकडे पाऊस मोजायचं अर्धं राहिलंय. आणि मम्मी, मला लीनाच्या आधी बोट वर करायचंय. एकदा तरी. नाही जमलं तर मी सांगेन तुला. पण तू बाईंना थँक यू म्हणू नको."

स्क्रीनवर मायानं तोंडावर हात ठेवलेला दिसला. हसत होती की रडत होती, ते त्या एवढ्याशा चौकोनात कळलं नाही.

"संजयला पाठव," केशरबाई म्हणाली. "तिकीट काढा."

"आई, तुला—"

"मला काय झालंय? मला सातवीपर्यंतची शाळा हाय इथं." तिनं भिंतीला टेकवलेलं ताट उचललं. "नवं ताट घेऊन जायला सांगते तिला. तिकडं जेवायला उपेगी पडंल."

जायच्या दिवशी सकाळी तिनं नातीची वेणी घातली. शेवटचा पेड ओढताना हात सवयीनं घट्ट झाला आणि तोंड सवयीनं उघडलं. मग ती म्हणाली, "दिसलं की सांगायचं. समोर कुणी बी असू दे."

"आणि चुकलं तर?"

"तर चुकलं. मी कुटं रोज बरोबर मीठ टाकते?"

*

नोव्हेंबरात एका दुपारी, पातेली घासायच्या वेळी फोन वाजला. केशरबाईनं राखेचा हात पदराला पुसून तो कानाला लावला. वर नवा पत्रा होता. पलीकडे चौथीत सोमनाथची थोरली बहीण मोठ्यानं पोरं मोजत होती आणि मधेच चुकून पुन्हा एकपासून सुरू करत होती. वर्गात गलका होता.

"आई, आज संस्कृतीच्या बाईंनी बोलावलं होतं," माया म्हणाली. "म्हणाल्या, पोरगी आता फार बोलते. दुसऱ्यांनाही बोलू द्यायला शिकवा म्हणाल्या."

केशरबाईनं लगेच आनंद केला नाही. एकदा फसलेली होती.

"हे चांगलं म्हणून म्हणल्या का वाईट म्हणून?"

"या वेळी विचारून घेतलं मी. तोंडावर विचारलं." मायाचा आवाज हसरा होता. "म्हणाल्या, चांगलंच. अजून मोठ्या शाळेचं काही लिहून दिलेलं नाही, जानेवारीत देतील. पण म्हणाल्या, आता मला काहीतरी लिहिता येईल."

केशरबाईनं फोन ठेवला. भिवराबाई मान वर करून वाट बघत होती.

"काय म्हणती गं जर्मन?"

"लई बोलती म्हणं," केशरबाई म्हणाली, आणि उद्यासाठी गूळ किती लागेल ते विचारायला, गुडघा दाबत, साती वर्गांकडे निघाली. पहिल्याच वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. केशरबाईनं उंबरा ओलांडला आणि बोट वर केलं.